आईने सर्व्हिसवाल्याला २,००० रुपये ॲडव्हान्स दिले. एएमसीचं आता काय करू?

कर्वेनगरची लेक

आई पुण्यात कर्वेनगरला एकटी राहते, वय ७३. बाबांना जाऊन चार वर्षं झाली. मी ठाण्यात असते. नोकरी आणि लेकीची दहावी, त्यामुळे महिन्यातून एखादीच चक्कर होते. आईच्या स्वयंपाकघरात बाबांनी आठ वर्षांपूर्वी बसवलेलं पाणी शुद्ध करणारं आरओ मशीन आहे. त्याची एएमसी, म्हणजे वार्षिक देखभालीचा करार, आम्ही दर वर्षी न चुकता भरतो. गेल्या वर्षी ४,२०० भरले होते, पार्ट्ससकट. ती मुदत ३० सप्टेंबरला संपते. तारीख लक्षात ठेवा, पुढचा घोळ त्यातलाच आहे.

मंगळवारी, १५ जुलैला सकाळी अकराच्या सुमारास एक मुलगा आला. आदल्या दिवशी आईला फोन आला होता, ‘तुमची फ्री सर्व्हिस ड्यू आहे, उद्या माणूस पाठवतो.’ आईने तक्रार नोंदवली नव्हती, पण मशीनचं नाव, बाबांचं नाव, पत्ता, सगळं त्यांच्याकडे होतं. म्हणून तिने दार उघडलं.

त्याने मशीन उघडलं, आतली कँडल, म्हणजे गाळणी, बाहेर काढून दाखवली. काळपट झालेली होती. ‘मावशी, हे पाणी पिताय तुम्ही.’ मग पाण्यातले क्षार मोजणारं पेनासारखं मीटर काढलं आणि ३८० आकडा दाखवला. बोलता बोलता आईने गेल्या वर्षीच्या मूतखड्याचं सांगितलं. त्यावर तो म्हणाला, ‘मग कारण हेच, दुसरं काय असणार.’ त्यानंतर ओट्यावर दोन ग्लास मांडून त्यावर सळ्या असलेलं एक यंत्र ठेवलं आणि प्लग लावला. एका ग्लासातलं पाणी मिनिटभरात चहासारखं झालं, वर गाळ तरंगायला लागला. दुसरा ग्लास तसाच स्वच्छ. गढूळ झालेला ग्लास म्हणे आईच्या मशीनचा आणि स्वच्छ तो नव्या मेंब्रेनच्या (क्षार अडवणाऱ्या पडद्याच्या) पाण्याचा, त्याच्या पिशवीतल्या बाटलीतला. फोनवर हे सांगताना आईचा आवाज कापत होता. ‘अगं, हेच पाणी मी तुझ्या लेकीला दिवाळीत पाजलं.’

मग त्याने ‘साहेबां’ना फोन लावला, स्पीकरवर. साहेबांनी नव्या एएमसीचे आधी ९,५०० सांगितले, मग सीनियर सिटिझन म्हणून ६,९००, पण आज बारा वाजेपर्यंतच. आई म्हणाली, लेकीला विचारते. मुलगा म्हणाला, ‘विचारा ना मावशी, पण ऑफर माझ्या नावावर काढलीय. बंद पडली तर मला बोलणी बसतील.’ तोवर आईने त्याला चहा आणि पोहे दिले होते. तो बीडकडचा आहे, बहिणीचं लग्न ठरतंय, हेही तिला कळलं होतं. पावणेबाराला तिने त्याने सांगितलेल्या नंबरवर २,००० पाठवले. उरलेले ४,९०० शनिवारी द्यायचे ठरले.

माझी चूकही सांगते. तिने फोन केला तेव्हा मी पहिलं वाक्य हे बोलले, ‘अगं, मला विचारायचं तरी होतंस.’ ती गप्प झाली. मग म्हणाली, ‘चाळीस वर्षं घर चालवलं मी. आणि पोहे खात बसलेल्या माणसाला जा कसं म्हणू?’ त्या दिवसापासून ती माझ्याशी नीट बोलत नाही. पैशापेक्षा हे मला जास्त लागलंय.

पावती गुलाबी कागदावर हाताने लिहिलेली आहे. ‘एएमसी १ वर्ष, ॲडव्हान्स २,०००, बाकी ४,९००’, सुरुवात १५ जुलै. म्हणजे आधीच्या कराराचे अडीच महिने पाण्यात गेले. कोणते पार्ट्स त्यात येतात याबद्दल एक अक्षर नाही. बुधवारपासून एक बाई दिवसातून तीनदा फोन करतात, ‘मॅडम, तुमची मेंब्रेन बुक झालीय, कॅन्सल केलं तर ॲडव्हान्स जप्त होईल.’

हे २,००० परत मागता येतील का? आठ वर्षं जुन्या मशीनच्या एएमसीला किती रक्कम योग्य? आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे आईला अशा माणसाला नाही म्हणता यावं, तेही ‘लेकीला विचारते’ असं म्हणायला न लागता, यासाठी काय करावं? ती माणसांशी वाईट वागणारी नाही आणि तिने तसं व्हावं अशी माझीही इच्छा नाही.


पाना-पक्कड

ताई, मी अकरा वर्षं याच धंद्यात टेक्निशियन होतो. आता पिंपरीत माझं स्वतःचं दुरुस्तीचं दुकान आहे. ते दोन ग्लासांचं यंत्र मीही लोकांच्या ओट्यावर लावलेलं आहे. त्याचं मला आज वाईट वाटतं, म्हणून नीट समजावून लिहितो.

त्या यंत्राच्या सळ्यांमध्ये काही लोखंडाच्या असतात, काही ॲल्युमिनियमच्या. साध्या नळाच्या पाण्यात विरघळलेले क्षार असतात, त्यामुळे त्यातून वीज वाहते, लोखंडाची सळी झिजते आणि तिचा गंज पाण्यात उतरतो. जो ‘गाळ’ आई बघत होत्या तो पाण्यातला नव्हे, सळीतला. आरओच्या पाण्यात क्षार जवळजवळ नसतात, म्हणून वीज वाहत नाही आणि ते स्वच्छ दिसतं. खात्री करायची असेल तर त्या स्वच्छ ग्लासात चिमूटभर मीठ टाका आणि पुन्हा लावा. तेही तसंच तपकिरी होईल. म्हणजे मीठ घातलेलं पाणी पिऊन माणूस मरतो असं नाही ना?

आता मला एक सांगा, ग्लास भरले कुणी आणि तेव्हा आई कुठे होत्या? मी पैजेवर सांगतो, चहा टाकत होत्या. त्यांची मेंब्रेन चालू असेल तर तिच्या पाण्याचा रंग बदलायलाच नको होता. तो बदलला, म्हणजे एक तर मेंब्रेन खरंच गेली, नाहीतर ग्लासात नळाचं पाणी होतं.

मीटरचं तसंच. त्या पेनाला होल्ड नावाचं बटण असतं. ते दाबलं की आकडा अडकून राहतो. आधीच्या घरी बोअरच्या पाण्याचा ३८० आला, तो धरून ठेवायचा आणि पुढच्या घरी दाखवायचा, हे मी डोळ्यांनी बघितलंय. कर्वेनगरला खडकवासल्याचं पाणी येतं. मी त्या भागात बरीच वर्षं फिरलोय, महापालिकेच्या नळाला दीडशेच्या वर आकडा मला क्वचित दिसला. नळालाच ३८० नसेल तर मशीनमधून बाहेर पडताना ३८० येणार कुठून? सोसायटी पिण्याच्या टाकीत बोअर किंवा टँकर मिसळत असेल तर गोष्ट वेगळी, ते विचारून घ्या.

तीन-चारशे रुपयांत तुम्ही स्वतः मीटर घ्या. नळाचं पाणी मोजा, मशीनचं मोजा. मेंब्रेन नवी असताना दहातले नऊ हिस्से क्षार अडवते. नळाला १०० आणि मशीनला १०-१५ आलं तर मेंब्रेन ठणठणीत आहे. मात्र काही मशीनमध्ये चवीसाठी थोडं कच्चं पाणी मिसळायचा स्क्रू असतो. तो उघडा असेल तर आकडा मुद्दामच जास्त ठेवलेला असतो. आणि एक लक्षात ठेवा, मीटरला फक्त क्षार कळतात, जंतू कळत नाहीत. पाणी प्यायला सुरक्षित आहे की नाही हे तो आकडा सांगत नाही.

काळी कँडल बघून घाबरायचं काहीच कारण नाही. माती अडवणं हे तिचं काम, तिने ते केलं. सहा महिने ते वर्ष झालं की बदलायची. माझ्या दुकानात सेडिमेंट (गाळाचा) आणि कार्बन असे दोन्ही फिल्टर मिळून सहाशे-सातशेत बसवून देतो. साधी बरी मेंब्रेन हजार ते पंधराशेत येते आणि पुण्याच्या नळाच्या पाण्यावर दोन-तीन वर्षं सहज जाते. कंपनीचा पार्ट महाग पडतो. पण आता हिशोब करून बघा, वर्षाला एकदा फिल्टर आणि तीन वर्षांतून एकदा मेंब्रेन. ६,९०० कुठून आले? वर्षाला चार हजारांच्या वर मी तरी आठ वर्षांच्या मशीनसाठी देणार नाही, तेही पंप, ॲडॉप्टर आणि मेंब्रेन नावानिशी कागदावर लिहून दिली तरच. ‘पार्ट्ससकट’ म्हणतात आणि वेळ आली की ‘मेंब्रेन कन्झ्युमेबल आहे मॅडम’ म्हणतात, म्हणजे झिजणारा पार्ट, करारात येत नाही.

मशीनवर सर्व्हिसचा स्टिकर आहे ना, त्यावरचा नंबर कंपनीच्या वेबसाइटवरच्या नंबराशी जुळवून बघा. पुष्कळदा बाहेरची पोरं मूळ स्टिकरवर स्वतःचा चिकटवून जातात आणि पुढची आठ वर्षं ‘कंपनीतून बोलतोय’ म्हणत फोन करतात. तुमचा करार सप्टेंबरपर्यंत आहे हे कंपनीच्या कस्टमर केअरकडून वदवून घ्या आणि १५ तारखेची व्हिजिट त्यांच्याकडे नोंदलेली आहे का विचारा.

मूतखड्याचं डॉक्टरांना विचारा. माझ्यासारख्याने त्यावर बोलू नये, त्या मुलानेही बोलायला नको होतं.

त्या मुलाबद्दल एक सांगतो. पगार तुटपुंजा असतो आणि महिन्याला अमुक एएमसी आणल्या नाहीत तर पेट्रोलचे पैसेसुद्धा अडकवतात. बहिणीचं लग्न खरंही असेल. पण त्याची गरज खरी म्हणून तुमची मेंब्रेन खराब होत नाही.


सोलापूरची सून

तुमचा तिसरा प्रश्न वाचून मला आमचे मामंजी आठवले. त्यांचं वाळवीच्या औषध-फवारणीचं कॉन्ट्रॅक्ट होतं. दर वर्षी तो माणूस यायचा, दाराच्या चौकटीला टाचणी खुपसायचा आणि ‘आतून पोकळ झालंय अण्णा’ म्हणत आणखी तीन हजार काढायचा. मामंजी शाळामास्तर होते, दारी आलेल्याला विन्मुख पाठवायचं नाही हे त्यांचं ब्रीद. आम्ही सुरुवातीला हेच करून बसलो, ‘अण्णा, पुढच्या वेळी आम्हाला फोन लावा.’ त्यांनी कधीच लावला नाही. लावला असता तर दारातल्या माणसासमोर कबूल केल्यासारखं झालं असतं की या घरात माझं चालत नाही.

मग माझ्या सासूबाईंनी युक्ती काढली. त्या म्हणाल्या, आपल्या घराचा एक नियम करू. पैशाचं काम त्याच दिवशी ठरत नाही. कुणाला विचारायचं नाही, कुणाची परवानगी नाही, फक्त त्याच दिवशी नाही. मुलगी बघायला गेल्यावर त्याच बैठकीत होकार देत नाहीत ना, ‘कळवतो’ म्हणतात, आणि त्यात कुणाचा अपमान होत नाही. तसंच. मामंजींना हे एकदम पटलं, कारण नियम पाळायला ते आयुष्यभर शिकवत आले होते. पुढच्या वेळी तो माणूस आला, चहा प्याला, टाचणी खुपसली. मामंजी म्हणाले, ‘आमच्याकडे पैशाचं त्याच दिवशी ठरत नाही. कागद ठेवून जा, परवा कळवतो.’ तो म्हणाला, परवा दर वाढेल. मामंजी म्हणाले, ‘वाढू दे.’ आणि पेपर वाचायला लागले.

तुमच्या आईला हे ‘लेकीला विचारते’पेक्षा जड जाणार नाही असं मला वाटतं. चहा-पोहे मात्र बंद करायला सांगू नका. ते त्यांचं आहे.

आणि ताई, आधी आईंची समजूत काढा. पैसे नंतर.


कर्वेनगरची लेक

सोलापूरच्या ताई, तुमचा प्रतिसाद वाचून मी रात्री साडेदहाला आईला फोन केला. माफी मागितली. ती म्हणाली, ‘झोप आता.’ पण सूर बदललेला होता.

पाना-पक्कड दादा, तुमची पैज तुम्ही जिंकलात. ग्लास भरले तेव्हा ती गॅसपाशी होती, पाठ वळवून. आज शेजारच्या काकूंच्या मुलाकडून मशीनवरच्या स्टिकरचा फोटो मागवला. खाली आणखी एक स्टिकर आहे, कडा दिसतेय. वरच्या स्टिकरवरचा नंबर कंपनीच्या नंबरापेक्षा वेगळा. कस्टमर केअरला विचारलं तर आमचा करार ३० सप्टेंबरपर्यंत चालू आहे, १५ जुलैची कुठलीही व्हिजिट नोंदलेली नाही आणि २,००० त्यांच्याकडे जमा नाहीत. ते एका माणसाच्या वैयक्तिक खात्यात गेलेत. तरी बाई म्हणाल्या, ‘मॅडम, तो आमच्याच फ्रँचायझीचा मुलगा असू शकतो, चौकशी करतो.’ आता पुढे काय?


नाशिकचा ग्राहक कार्यकर्ता

निवृत्तीनंतर गेली नऊ वर्षं ग्राहक तक्रारींचं काम विनामूल्य करतो. आईंना आधी सांगा की घाबरून ४,९०० पाठवायचे नाहीत. ‘जप्त होईल’ ही अट पावतीवर आहे का? नाही. मग ती नंतर फोनवर तयार करता येत नाही.

तुमची बाजू कशी आहे ते सांगतो. ग्राहक संरक्षण कायदा २०१९, जो २० जुलै २०२० पासून लागू झाला, त्याच्या कलम २(४७) मध्ये अनुचित व्यापारी प्रथेची व्याख्या आहे. एखाद्या वस्तूची किंवा सेवेची गरज आहे असं खोटं किंवा दिशाभूल करणारं सांगणं त्या व्याख्येत बसतं. चांगली मेंब्रेन खराब आहे म्हणून सांगणं म्हणजे तेच. नीट बिल न देणं हेही त्यात येतं. शिवाय १८७२ चा करार कायदा सांगतो की चुकीची माहिती देऊन मिळवलेली संमती ही मोकळी संमती नव्हे, आणि तसा करार रद्द करायचा पर्याय फसलेल्या बाजूला असतो.

एका गोष्टीत मात्र गाफील राहू नका. घरी येऊन गळ्यात मारलेली वस्तू अमुक दिवसांत कारण न देता परत करता येते, असा सरसकट हक्क आपल्या कायद्यात नाही. लोक इंटरनेटवर वाचून तसं समजतात. म्हणून नुसतं ‘विचार बदलला’ असं लिहू नका. ‘खोटं सांगून पैसे घेतले’ असं लिहा आणि मीटरचे आकडे जोडा. आकडे घेताना व्हिडिओ करा, नळ आणि मशीन दोन्ही दिसतील असा.

कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला ईमेल करा. आईंच्या नावाने, कारण ग्राहक त्या आहेत. मजकूर असा चालेल:

‘माझ्या मशीनचा सेवा-करार ३० सप्टेंबरपर्यंत चालू आहे. १५ जुलै रोजी आपल्या वतीने आलेल्या व्यक्तीने मेंब्रेन निकामी असल्याचं सांगून माझ्याकडून २,००० रुपये घेतले. सोबतच्या चित्रफितीत पाण्याचे प्रत्यक्ष आकडे आहेत. ते पाहता हे सांगणं खरं नव्हतं. मी १५ जुलैपासूनचा करार मान्य करत नाही. रक्कम सात दिवसांत परत करावी आणि माझ्या सध्याच्या कराराची मुदत अबाधित असल्याचं लेखी कळवावं. उरलेल्या रकमेसाठी मला फोन करू नये.’

सात दिवसांत उत्तर नाही आलं तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, १९१५. मराठीत बोलता येतं, पैसे लागत नाहीत. ते न्यायालय नव्हे, कंपनीला हुकूम देऊ शकत नाहीत. पण तक्रार कंपनीपर्यंत पोहोचते आणि पुष्कळ कंपन्या तिथेच मिटवून टाकतात. त्याहीपुढे पुण्याचा जिल्हा ग्राहक आयोग आहे. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, वकील सक्तीचा नाही, दोन वर्षांची मुदत आहे आणि ई-जागृती पोर्टलवरून घरबसल्या दाखल करता येतं. दोन हजारांसाठी तिथवर जावं लागेल असं मला वाटत नाही, पण जायची तयारी ठेवूनच ईमेल लिहायचा असतो.

तक्रार कंपनीविरुद्ध करा, त्या मुलाविरुद्ध नाही. आपल्या नावाने कोण घरोघरी फिरतंय याची जबाबदारी कंपनीची.


कोथरूडकर

जरा वेगळं बोलतो. तुमच्या नळाचा आकडा खरंच शंभरच्या आसपास आला तर आरओ मुळात हवंय कशाला? पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात टीडीएसची, म्हणजे विरघळलेल्या क्षारांची, स्वीकारार्ह मर्यादा लिटरला ५०० मिलिग्रॅम आहे. राष्ट्रीय हरित लवादानेही २०१९ मध्ये ५०० च्या खाली टीडीएस असेल तिथे आरओवर बंदी घालायला सांगितलं होतं. आरओ एक ग्लास देताना दोन-तीन ग्लास पाणी मोरीत सोडतं. आम्ही ते काढून साधं यूव्ही, म्हणजे अतिनील दिव्याने जंतू मारणारं मशीन, बसवलं. फिल्टर आणि दिवा, बाकी बदलायला काही नाही, म्हणून एएमसीच्या फोनांचा त्रासही नाही. आधी मोजा आणि मग ठरवा.


पाना-पक्कड

कोथरूडकरांचं बरोबर आहे, फक्त सोसायटी टँकर मिसळते का ते आधी बघा. उन्हाळ्यात एक आणि पावसाळ्यात एक असे आकडे येतात. एका मोजणीवर मशीन काढू नका.

आणि ताई, सप्टेंबरमध्ये करार वाढवायचा झालाच तर ‘रिन्यू करायचंय’ म्हणून फोन करू नका. ‘बंद करायचंय’ म्हणून करा. त्यांच्याकडे दोन वेगळी टेबलं असतात आणि सूट दुसऱ्या टेबलावर असते. दसरा-दिवाळीच्या सुमारास आणखी उतरतात. ‘करारात खंड पडला तर तपासणी फी लागेल’ म्हणतील. लागू दे, ती तीन-चारशे असते.


कर्वेनगरची लेक

उशिरा लिहितेय, मध्ये पुण्याला जाऊन आले.

ईमेल आईच्या नावाने गेला. मजकूर नाशिकच्या काकांचा, पण तिने त्यात एक बदल करायला लावला. मी त्या मुलाचं नाव लिहिलं होतं, पावतीवर सही होती म्हणून. तिने ते काढायला लावलं. मी वाद घातला. ती म्हणाली, ‘काका काय म्हणाले, कंपनीविरुद्ध. मग कंपनीच लिही.’ मी काढलं. सात दिवस काहीच नाही. आठव्या दिवशी १९१५ ला फोन केला, तोही तिनेच, मी शेजारी बसले होते. तक्रार क्रमांक तिने दुधाचा हिशोब असतो त्या कॅलेंडरवर लिहून ठेवला. त्यानंतर चौथ्या दिवशी कुठल्या तरी फ्रँचायझीच्या मालकाचा फोन आला, ‘गैरसमज झाला’ म्हणाले आणि संध्याकाळी २,००० खात्यात आले. वसुलीचे फोन थांबले. आधीच्या कराराची मुदत ३० सप्टेंबरपर्यंत असल्याचा मेलही आला.

‘बंद करायचंय’चा फोन करायला सप्टेंबरपर्यंत थांबायचं ठरलं होतं, पण आईला दम निघेना. शनिवारी जेवण झाल्यावर तिने स्पीकरवर लावला. पाना-पक्कड दादा, टेबल खरंच बदललं. आधी ५,४०० सांगितले. आई म्हणाली, मशीन आठ वर्षांचं आहे, मला बंदच करायचंय. ४,५०० झाले. ‘मॅडम, आत्ता लिंक पाठवते, ऑफर आज रात्री बारापर्यंतच आहे.’

आईने माझ्याकडे पाहिलं नाही. म्हणाली, ‘ताई, आमच्याकडे पैशाचं त्याच दिवशी ठरत नाही. काय काय देणार ते लिहून पाठवा, मी परवा कळवते.’

‘मॅडम, परवा हा दर नसेल.’

‘बरं.’

एवढंच, ‘बरं’. आणि मग ती बोललीच नाही. पलीकडच्या बाई दोनदा ‘हॅलो, मॅडम?’ म्हणाल्या. मला इतकं अवघडल्यासारखं झालं की मीच काहीतरी बोलणार होते. आईने माझ्या हातावर हात ठेवला. शेवटी बाईच म्हणाल्या, ‘ठीक आहे, पाठवते लिहून.’ आईने त्यांना ‘जेवलात का?’ विचारलं आणि फोन ठेवला.

सोमवारी व्हॉट्सॲपवर आलं, ३,९००, सुरुवात १ ऑक्टोबर. सेडिमेंट आणि कार्बन वर्षातून दोनदा, पंप, ॲडॉप्टर आणि मेंब्रेन, सगळं नावानिशी. अजून भरलेले नाहीत. कोथरूडकरांचं म्हणणं आईला पटतंय, यूव्हीची चौकशी ती शेजारच्या काकूंकडे करतेय. गणपतीत मी जाईन तेव्हा पुन्हा एकदा पाणी मोजायचं आणि मग तिने ठरवायचं.

मीटर मी सोबत नेलं होतं, ईमेलच्या चित्रफितीसाठी मी आधी मोजलंही होतं. रविवारी सकाळी आईने स्वतः दोन ग्लास विसळून भरले, होल्डचं बटण कुठलं ते विचारून घेतलं आणि प्रत्येक वेळी मीटर पाण्यातून काढून, पुसून, पुन्हा घातलं. नळाचं ९४. मशीनचं ११. मेंब्रेन तीच आहे, दोन वर्षांपूर्वी बदललेली. दोन्ही आकडे तिने कॅलेंडरवर तक्रार क्रमांकाच्या खाली लिहिलेत.